लष्करी विमानांचा रेडिओ ऐकण्याचा छंद: नेलिस, रेड फ्लॅग आणि २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ

मोहावेकर (धागाकर्ता)

लास व्हेगासच्या ईशान्येला नेलिस हा अमेरिकी हवाई दलाचा तळ आहे. थंडरबर्ड्स हे हवाई कसरतींचं पथक तिथलंच. तळाच्या उत्तरेला वाळवंटात सुमारे २९ लाख एकरांचं सरावक्षेत्र पसरलेलं आहे आणि तिथे दरवर्षी 'रेड फ्लॅग' नावाचा मोठा युद्धसराव होतो. पहिला झाला नोव्हेंबर १९७५मध्ये. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी हवाई दलाच्या लक्षात आलं होतं की वैमानिकाने पहिल्या दहा मोहिमा निभावल्या की तो वाचण्याची शक्यता खूप वाढते. मग त्या पहिल्या दहा मोहिमा घरच्याच आकाशात, खोट्या शत्रूविरुद्ध करून घ्यायच्या, ही रेड फ्लॅगमागची कल्पना.

हा सराव चालू असला की तळाजवळच्या स्पीडवेच्या, म्हणजे मोटार-शर्यतींच्या मैदानाच्या, बाजूच्या रस्त्याला गाड्या लागतात. कॅमेरेवाले असतात, शाळकरी मुलं असतात, निवृत्त सैनिक असतात आणि हातात स्कॅनर (वाहिन्या धुंडाळणारा छोटा रेडिओ), कानात इअरफोन घेतलेले आमच्यासारखेही असतात. विमान डोळ्यांना जेमतेम मिनिटभर दिसतं. कानाला मात्र ते इंजिन सुरू होण्याआधीपासून परत उतरेपर्यंत सापडत राहतं, आणि म्हणूनच मला हा छंद छायाचित्रणाहून मोठा वाटतो.

नागरी विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. लष्करी विमानांचा मुख्य पट्टा २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ. शिवाय १३८ ते १५० मेगाहर्ट्झच्या दरम्यानही त्यांच्या काही वाहिन्या आहेत. या सगळ्यावर एएम पद्धतीने बोललं जातं. नवीन स्कॅनरवर काहीच कळत नसेल तर आधी मोड एएमवर आहे ना ते पाहा. एफएमवर ठेवलात तर आवाज फाटका आणि दबका येतो.

ऐकायला सुरुवात टॉवरपासून करावी. चार विमानांची तुकडी परवानगी मागते, धावपट्टीवर येते, उडते, मग डिपार्चर नियंत्रकाकडे जाते, तिथून सरावक्षेत्राच्या नियंत्रकाकडे. प्रत्येक टप्प्याला वाहिनी बदलते आणि बदलताना ती बहुधा उच्चारली जाते. तुकडीचा प्रमुख नवी वाहिनी सांगतो, बाकीचे क्रमाने 'टू', 'थ्री', 'फोर' एवढंच म्हणतात. त्या तीन शब्दांत किती शिस्त आहे हे काही दिवस ऐकल्यावर जाणवतं. कोणी अर्धा सेकंद उशिरा बोललं तरी खटकतं.

पुढे सरावातली भाषा येते. 'फॉक्स टू' म्हणजे उष्णतेचा माग घेणारं क्षेपणास्त्र सोडलं, 'फॉक्स थ्री' म्हणजे स्वतःचं रडार असलेलं. सरावात प्रत्यक्षात काही सुटत नाही, फक्त शब्द सुटतात. शत्रू दिसला तर 'टॅली', आपला साथीदार दिसला तर 'व्हिज्युअल'. शत्रू दिसत नसेल तर 'नो जॉय', साथीदार दिसत नसेल तर 'ब्लाइंड'. दिसण्या-न दिसण्याला असे चार वेगळे शब्द का, तर घाईत आपल्याच माणसावर नेम धरला जाऊ नये म्हणून. 'बिंगो' म्हणजे आता परत फिरण्यापुरतंच इंधन उरलं. त्याच्या थोडं आधीचा इशारा 'जोकर'.

ज्यांना रस आहे त्यांनी विचारा. माहीत आहे ते सविस्तर सांगेन.

नीलांबरी

वाचनखूण साठवली. दोन बाळबोध प्रश्न. लष्करी संभाषण सांकेतिक नसतं का? आणि हे असं ऐकणं कायदेशीर आहे?

मोहावेकर

दोन्ही प्रश्न अगदी मुळाचे आहेत.

पुष्कळसं संभाषण सांकेतिक असतं. 'हॅव क्विक' नावाच्या पद्धतीत रेडिओ सेकंदाला अनेक वेळा वाहिनी बदलतो. दोन्हीकडची घड्याळं तंतोतंत जुळलेली असतात, म्हणून ते एकमेकांना ऐकू शकतात. आपल्या स्कॅनरवर नुसते तुटक टिपके येतात. आवाज सांकेतिक करणारी यंत्रं वापरली की फक्त खरखर ऐकू येते. शिवाय लिंक-१६सारख्या डेटालिंकमुळे पूर्वी तोंडाने सांगायच्या कितीतरी गोष्टी आता वैमानिकाच्या पडद्यावर चिन्हं होऊन येतात. जुने श्रोते सांगतात की आकाश पूर्वीपेक्षा गप्प झालंय, ते खरं आहे.

पण टॉवर, अप्रोच (उतरायला येणाऱ्या विमानांचा नियंत्रक), इंधनवाहू विमानांशी होणारा समन्वय, सरावक्षेत्राची सुरक्षा हे बहुतेक उघडच चालतं. ते उघड असणं सुरक्षेसाठीच गरजेचं आहे. वेगवेगळ्या दलांची, देशांची आणि कधी नागरी विमानंही त्याच आकाशात असतात, त्या सगळ्यांना एकमेकांचं ऐकू यायला हवं.

मजा म्हणजे उघड बोलतानाही ते बरंच झाकतात. 'बुल्सआय २७०, ४०' असं ऐकलं तर याचा अर्थ आधी ठरवलेल्या एका बिंदूपासून २७० अंशांवर, ४० सागरी मैलांवर. तो बिंदू कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे आकडे ऐकूनही जागा कळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत सांकेतिक नसलेलं लष्करी विमानांचं संभाषण ऐकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. सांकेतिक संभाषण फोडणं, मोबाइल फोनची संभाषणं ऐकणं हे गुन्हे आहेत. ऐकलेल्याचा वापर आणि प्रसार यावरही बंधनं आहेत. काही राज्यांत पोलिसांच्या वाहिन्या पकडणारा स्कॅनर गाडीत बाळगण्यावर निर्बंध आहेत, न्यूयॉर्क त्यातलंच. राज्य बदललं की नियम पाहूनच निघावं.

लिंकनशायरकर

इथे ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. स्कॅनर दुकानात उघड मिळतो, हवाई प्रदर्शनांत त्याचे स्टॉल असतात, कॉनिंग्जबी आणि वॉडिंग्टन या हवाई दलाच्या तळांच्या कुंपणाशी माणसं इअरफोन लावून उभी असतात. तरीही २००६च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याच्या ४८व्या कलमाप्रमाणे आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं हा गुन्हाच आहे. सहसा कोणी हटकत नाही, पण 'सगळे करतात' हे काही कायद्यापुढचं उत्तर नव्हे. अमेरिकेतल्या मित्रांचा धागा वाचून इथल्या नव्या मुलांनी तसंच समजू नये म्हणून लिहिलं.

पुणेरी_अँटेना

विमाननगरला राहतो. लोहगावची सुखोई रोज डोक्यावरून जातात. दीड-दोन हजारांत आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) मिळतो, तो लॅपटॉपला लावून बघावा असं फार मनात आहे. इथे कोणी करतं का?

लोहगाव_निवृत्त

करू नका. हवाई दलात रेडिओ उपकरणांवर नोकरी केली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

भारतात १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायलाच मनाई केली. आता त्याची जागा घेणारा २०२३चा दूरसंचार कायदाही दुसऱ्याचं संभाषण पकडण्याबाबत कडकच आहे. त्यात तळ लष्करी असला की शासकीय गुपितांचा १९२३चा कायदा लागू होऊ शकतो. २०१०च्या फेब्रुवारीत दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश विमानप्रेमींना स्कॅनरसह पकडलं होतं. ते नुसते विमानांचे नंबर टिपणारे लोक होते. तरी एप्रिलपर्यंत अडकून पडले आणि दंड भरून सुटले. परदेशी होते, वकिलात मागे होती. तुमच्या-माझ्या पोराचं काय होईल त्याचा विचार करा.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, लोहगाव हा सीमेवरच्या कामासाठी सज्ज असलेला तळ आहे. रोज किती विमानं उडाली, कधी उडाली, आज नेहमीपेक्षा वेगळं काय झालं, एवढ्यावरूनही जाणकार माणूस पुष्कळ काही काढू शकतो. आम्हाला नोकरीत पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं होतं की शत्रूला एक मोठं गुपित लागत नाही, त्याला शंभर बारीक गोष्टी पुरतात.

आवड आहे ती मारू नका. हौशी रेडिओचा परवाना घ्या. दूरसंचार खात्याची परीक्षा आहे, अभ्यासक्रम ठरलेला आहे, बारावीचं भौतिकशास्त्र नीट आलं असेल तर जमते. व्हीयूने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) मिळालं की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८ मेगाहर्ट्झवर ऐका. कधीकधी ते चित्रंही पाठवतात. पुण्याच्या गच्चीवरून थेट अवकाशातलं चित्र उतरवण्यात सुखोईपेक्षा कमी थरार नाही.

पुणेरी_अँटेना

धन्यवाद काका. डोंगल सध्या राहू दे. परीक्षेची माहिती व्यक्तिगत निरोपात विचारतो.

शॉर्टवेव्ह_शरयू

पुणेरी_अँटेना, परवाना येईपर्यंत एक उपाय आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २००८पासून इंटरनेटवर आहे. रिसीव्हर तिकडे, तुमच्याकडे फक्त ब्राउझर. ० ते २९ मेगाहर्ट्झचा सगळा शॉर्टवेव्ह पट्टा समोर धबधब्यासारखा सरकत असतो. एकाच वेळी शेकडो लोक आपापली वाहिनी लावून बसलेले असतात.

अमेरिकी हवाई दलाचं जगभराचं शॉर्टवेव्ह जाळं ८९९२ आणि ११,१७५ किलोहर्ट्झवर असतं. रात्री ४७२४ही लावून बघा. मोड अप्पर साइडबँडवर (यूएसबी) ठेवायचा. बराच वेळ नुसता समुद्रासारखा घुमघुम आवाज. मग अचानक एक ठाम, भावनाशून्य आवाज अक्षरं आणि आकडे वाचू लागतो: 'अल्फा, सेव्हन, टँगो...'. हे सांकेतिक संदेश. बरेचसे ३० अक्षरांचे असतात आणि पुन्हा वाचून दाखवतात. अण्वस्त्रं वाहणाऱ्या दलांपर्यंत आज्ञा पोचवण्याची ही एक वाट आहे, म्हणून ती रोज वापरून तपासत राहतात. कधी 'स्कायकिंग, स्कायकिंग, डू नॉट आन्सर' असंही ऐकू येतं. म्हणजे ऐका, पण उत्तर देऊ नका.

त्यातलं एक अक्षरही आपल्याला कधी उलगडणार नाही, उलगडायचंही नाही. पण शीतयुद्धात बांधलेली ही व्यवस्था आजही रात्रंदिवस जागी आहे, हे स्वतःच्या कानांनी ऐकणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

नीलांबरी

शरयू, काल रात्री लावलं. तासाभराने एक संदेश मिळाला. अंगावर काटा आला. मोहावेकर, सगळं डिजिटल झालं तरी विमानं अजून एएमच का वापरतात?

मोहावेकर

आवडता विषय! एफएममध्ये दोन जण एकाच वाहिनीवर बोलले तर बळकट सिग्नल दुबळ्याला पूर्ण गिळतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही की दुसरं कोणी बोलत होतं. एएममध्ये दोघे मिसळतात, शिट्टीसारखा आवाज येतो आणि नियंत्रकाला निदान एवढं कळतं की कोणीतरी आणखी आहे, त्याला पुन्हा बोलायला सांगावं. संकटात सापडलेल्या विमानाचा रेडिओ दुबळा असू शकतो, त्यामुळे हा गुण मोलाचा ठरतो.

अर्थात, कोणीतरी बोललं हे कळणं आणि काय बोललं हे कळणं यात अंतर आहे. २७ मार्च १९७७ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकली आणि ५८३ माणसं गेली. तिथे नेमक्या निर्णायक क्षणी दोन संदेश एकमेकांवर आले आणि शिट्टीत महत्त्वाचे शब्द हरवले. एएम हा रामबाण नाही, पण पर्यायापेक्षा बरा, आणि जगभरच्या लाखो रेडिओंची पद्धत बदलायची तर ती सगळीकडे एकदम बदलावी लागेल.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. हे तरंग साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून उंची हेच सर्वस्व. ३०,००० फुटांवरचं विमान चारशेक किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतं. तेच विमान ५०० फुटांवर आलं की पल्ला पन्नासेक किलोमीटरवर येतो. घरातून बहुतेक वेळा विमान ऐकू येतं, त्याला उत्तर देणारा जमिनीवरचा माणूस ऐकू येत नाही. अर्ध्या संभाषणावरून उरलेलं अर्धं जुळवायची सवय लावून घ्यावी लागते.

फ्रीमाँटकर

कॅलिफोर्नियातल्या नवख्यांसाठी: ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्लीट वीकला ब्लू एंजल्स हे नौदलाचं हवाई कसरतींचं पथक येतं, तिथून सुरुवात करा. विमानं समोर दिसतात आणि त्याच वेळी कानात ऐकू येतात, त्यामुळे शब्दाचा अर्थ लगेच कळतो. त्यांचा प्रमुख प्रत्येक आज्ञा लांबवून, गाण्यातल्या सुरासारखी म्हणतो. कारण बाकीचे वैमानिक त्या उच्चाराच्या लयीवर विमानाच्या नियंत्रणाचा दांडा हलवतात. आज्ञेचा नेमका कुठला स्वर आला की हात हलवायचा, हे ठरलेलं असतं. पंख एकमेकांपासून हातभर अंतरावर असताना ती लय चुकून चालत नाही. माझ्या मुलीला हे ऐकवलं तेव्हा तिने कॅमेरा बाजूला ठेवून दिला.

यंत्राबद्दल: युनिडेनचा बीसी१२५एटी बहुतेकांचा पहिला स्कॅनर असतो. लष्करी पट्टा २२५ ते ३८० पर्यंत घेतो. ३८० ते ४०० घेत नाही, पण त्या तुकड्यात बरंचसं तळांवरचं डिजिटल आणि सांकेतिक संभाषण आहे, त्यामुळे फार बिघडत नाही. सोबत येणारी आखूड अँटेना मात्र बदलाच. ३०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी फक्त २५ सेंटिमीटर होते, त्यामुळे चांगली अँटेना घरीही बनवता येते.

तिखट_प्रतिसाद

मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. लोहगाव_निवृत्त म्हणतात की बारीक गोष्टीही शत्रूच्या कामाच्या. पण शत्रूकडे उपग्रह आहेत, टेहळणी विमानं आहेत, आपल्या डोंगलच्या हजारपट चांगले रिसीव्हर आहेत. जे हवेत उघड सोडलं ते त्याला आधीच मिळालं. मग हौशी माणसाने ऐकलं काय, समाजमाध्यमावर टाकलं काय, फरक कुठे पडतो?

शॉर्टवेव्ह_शरयू

फरक पडतो. २०११च्या मार्चमध्ये लिबियावरच्या कारवाईच्या सुरुवातीला एका डच हौशी श्रोत्याने ६८७७ किलोहर्ट्झवर अमेरिकी विमानाचं प्रसारण पकडलं. लिबियाच्या जहाजांनी बंदर सोडू नये, असा तो इशारा होता. त्याने ध्वनिमुद्रण जगासमोर ठेवलं. ते प्रसारण मुळात सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच केलेलं होतं, त्यामुळे त्यात गैर काही नव्हतं. पण त्याच दिवसांत इतर श्रोते विमानांची कॉलसाइन आणि हालचाली तासातासाला टाकत होते आणि त्यावरून श्रोत्यांमध्येच कडाक्याचं भांडण झालं.

पुढे युक्रेनमध्ये २०२२ला रशियन तुकड्या उघड्या शॉर्टवेव्हवर बोलत होत्या आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते वेबएसडीआरवरून ऐकलं, साठवलं. तेव्हा बहुतेकांना ते योग्य वाटलं. म्हणजे आपण कोणाच्या बाजूने आहोत त्यावर आपलं मत बदलतं, हेही मान्य करायला हवं.

लोहगाव_निवृत्त

तिखट_प्रतिसाद, २६ नोव्हेंबर २००८ आठवा. ताज आणि नरिमन हाउसवर आपले कमांडो कारवाई करताना टीव्ही वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि कराचीत बसलेले सूत्रधार ते टीव्हीवर बघून फोनवरून आतल्यांना सूचना देत होते. त्या सूत्रधारांकडे उपग्रह नव्हता, त्यांच्याकडे फक्त आपला टीव्ही होता. २०२५च्या एप्रिलमध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट वार्तांकन करू नका असं बजावलं, त्यातही २६/११चा उल्लेख होता. प्रत्येक शत्रू महासत्ता नसतो.

मोहावेकर

मी पूर्णपणे काकांच्या बाजूने आहे आणि जागतिक उदाहरणांपेक्षा इथलं सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या पश्चिमेला एक अरुंद दरी आहे, छायाचित्रकार तिला स्टार वॉर्स कॅनियन म्हणायचे. लढाऊ विमानं दरीतून इतकी खाली जायची की कड्यावर उभं राहून वैमानिकाला वरून पाहता यायचं. जगभरातून लोक यायचे. ३१ जुलै २०१९ला नौदलाचं एक एफ/ए-१८ तिथेच कड्यावर आदळलं. वैमानिक गेला, वर उभे असलेले सात फ्रेंच पर्यटक जखमी झाले. त्यानंतर दरीत शिरून उडणं बंद झालं.

अशा दिवशी कोणाचा तरी स्कॅनर चालू असतो. जे कानावर पडतं ते एका घरातल्या माणसाचं असतं, आणि त्या घराला अजून कळलेलंही नसतं. ते ध्वनिमुद्रण तासाभरात कुठेतरी टाकणाऱ्याशी मी संबंध ठेवत नाही. शत्रूला कळेल की नाही हा वाद नंतरचा, त्या घरातल्या बाईला नवऱ्याची बातमी तुमच्या पोस्टवरून कळता कामा नये.

म्हणून आमच्या इथल्या गटाने नियम ठेवले आहेत. चालू मोहिमेचं, म्हणजे खऱ्या तैनातीवर निघालेल्या विमानांचं काहीही लिहायचं नाही, नंतरही नाही. सरावाचं लिहायचं तर विमानं उतरल्यावर. अपघात, शोध, बचाव कानावर पडला तर चौकशी यंत्रणेने मागितलं तरच ध्वनिमुद्रण द्यायचं. वैमानिकांची नावं, टोपणनावं लिहायची नाहीत.

तिखट_प्रतिसाद

अपघाताचा मुद्दा पूर्ण पटला. युद्धाबाबत अजून माझं मत वेगळं आहे, पण सरावानंतर लिहायचं हा नियम वाजवी वाटतो.

व्हेगासची_माहेरवाशीण

थोडं आनंदाचं लिहिते. २००८च्या ऑगस्टमध्ये भारतीय हवाई दल पहिल्यांदा रेड फ्लॅगला आलं, सुखोई-३० आणि इल्युशिन-७८ टँकर घेऊन. तेव्हा आम्ही नुकतेच इथे आलो होतो. यजमान स्कॅनर घेऊन स्पीडवेजवळ उभे होते, मी छत्री धरून. रेडिओवर तो आपल्याकडचा इंग्रजी उच्चार, स्पष्ट, न घाबरता, प्रत्येक आकडा सुटा! शेजारच्या अमेरिकन आजोबांनी स्कॅनरचा आवाज मोठा केला आणि आम्हाला पुढे बोलावलं. आजही तो उच्चार आठवला की ऊर भरून येतो.

नंतर २०१६ आणि २०२४ला आपली विमानं अलास्काच्या सरावाला गेली, २०२४ला राफेल होती. अलास्कातल्या आइल्सन तळाजवळ कोणी मराठी श्रोते असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

नीलांबरी

वा! शेवटचा प्रश्न. काल यूट्यूबवरच्या एका जुन्या सरावात 'नॉक इट ऑफ' असं कोणीतरी ओरडलं आणि सगळे एकदम शांत झाले. ते काय होतं?

मोहावेकर

ते सगळ्या सरावावर लागणारं थांबा आहे. दोन विमानं धोकादायक जवळ आली, कोणी ठरलेल्या उंचीखाली गेलं, सरावक्षेत्रात परकं विमान शिरलं, काहीही असो, 'नॉक इट ऑफ' ऐकताच प्रत्येकाने डावपेच सोडायचे, सुरक्षित उंची गाठायची आणि एकेकाने आपलं कॉलसाइन सांगून ऐकल्याची पोच द्यायची. 'टर्मिनेट' वेगळं, ते फक्त त्या एका झुंजीपुरतं असतं.

आणि ते कोणीही म्हणू शकतो. चौकडीतला सगळ्यात नवखा, चौथ्या नंबरचा वैमानिकही. त्याने म्हटलं की समोर कर्नल असला तरी थांबतो, कारण विचारणं सगळे खाली उतरल्यावर.